डिस्प्लेवरचं ॲव्हरेज आणि पंपावरची पावती

साताऱ्यात हायवेलगत माझं गॅरेज आहे. क्लच जळाल्याचा वास, ब्रेकचा आवाज, एसीची कमी झालेली थंडी अशा तक्रारी रोजच्याच. पण गिऱ्हाईक सगळ्यात जास्त वेळ बोलतो ते एकाच तक्रारीवर: "ॲव्हरेज पडलंय." पूर्वी हे अंदाजाने सांगितलं जायचं. आता मोबाईल पुढे येतो आणि त्यात डॅशबोर्डचा फोटो असतो. मागच्या महिन्यात १८.४, या महिन्यात १६.९. दशांश चिन्हापुढचा आकडा दिसला की माणसाची खात्री पटते, की हे कुणीतरी नीट मोजलेलं आहे. ते नेमकं कोण मोजतं, कसं मोजतं आणि त्यावर किती विसंबावं, हे मला या धंद्याने हळूहळू शिकवलं.

मी शिकाऊ होतो तेव्हा पद्मिनी, ओम्नी आणि मारुती ८०० यांचे दिवस होते. ॲव्हरेज तपासायचं म्हणजे बाटली लावायची. टाकीकडून येणारी नळी सोडवायची, ती मापाच्या बाटलीत घालायची, बाटली बॉनेटखाली घट्ट बांधायची आणि गाडी हायवेला काढायची. गिऱ्हाईक शेजारी बसलेला. बाटलीतलं पेट्रोल संपलं की कार्बोरेटर कोरडा पडायचा, गाडी आचके देत बंद व्हायची. मग रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजायचे. धोक्याचा प्रकार होता, तापलेल्या इंजिनाशेजारी उघडं पेट्रोल; आज मी माझ्या पोरांना तसं करू देणार नाही. पण पेट्रोल किती, अंतर किती, हे दोघांनी डोळ्यांनी पाहिलेलं असायचं. वाद तिथेच मिटायचा.

इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि बाटली गेली. पंप टाकीच्या आत, पेट्रोल दाबाखाली, सगळी यंत्रणा बंदिस्त. त्यानंतर काही वर्षांनी डॅशबोर्डवर आकडा उमटू लागला आणि लोकांना वाटलं, बाटलीचं काम आता गाडीच करते.

गाडी तसं करत नाही. टाकीत पेट्रोल मोजणारं कुठलंही माप नसतं. असतो तो एक तरंगता गोळा, आणि त्याचा उपयोग काटा दाखवण्यापुरता. ॲव्हरेजचा हिशेब इंजिनाचा संगणक करतो. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे तोच ठरवतो, सेकंदाच्या हजाराव्या भागात. हा इंजेक्टर अमुक दाबाला इतका वेळ उघडला तर त्यातून इतकं पेट्रोल जातं, हे कोष्टक त्याला कारखान्यातच भरून दिलेलं असतं. म्हणजे जेवढा हुकूम दिला तेवढं पेट्रोल गेलं, असं तो धरून चालतो. अंतराचंही तसंच. चाक किंवा गिअरबॉक्स किती वेळा फिरला ते तो मोजतो आणि टायरच्या ठरावीक घेराने गुणतो. इंजेक्टर झिजला, त्यात कचरा बसला, दाब बदलला किंवा टायर वेगळा बसवला, तर हे संगणकाला कळेलच असं नाही.

म्हणून डिस्प्लेवरचा आकडा हे अनुमान आहे. चांगलं अनुमान आहे, पण अनुमानच. माझ्या पाहण्यात बहुतेक गाड्या प्रत्यक्षापेक्षा थोडं जास्तच सांगतात, साधारण शंभराला तीन ते आठ. कमी सांगणाऱ्याही भेटल्या, पण मोजक्या. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतला फरकही सारखा नसतो.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, पण त्याचं वजन कळलं ते एका ड्रायव्हरमुळे. एका ट्रॅव्हल्सवाल्याची डिझेल गाडी माझ्याकडे सर्व्हिसिंगला यायची. मालक हिशेबी माणूस. दर महिन्याला डिस्प्लेचा फोटो मागवायचा, त्या ॲव्हरेजने एकूण किलोमीटरला भागायचं, आणि पंपाची बिलं त्यापेक्षा जास्त लिटरची निघाली तर फरक ड्रायव्हरच्या पगारातून कापायचा. गाडी साडेतेरा दाखवत होती. बिलांवरून ॲव्हरेज बाराच्याही खाली येत होतं. सलग काही महिने कपात झाली आणि शेवटी मालकाने सरळ सांगितलं, डिझेल काढून विकतोय. ड्रायव्हर गाडी घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, एक थेंब इकला न्हाई. तुम्हीच काय ते बघा."

मी मालकाला फोन लावला आणि गाडी काही दिवस मागून घेतली. एकाच पंपावर, एकाच नोझलला टाकी फुल केली. गाडी मी स्वतः आणि माझ्या पोराने चालवली. टाकी बरीच उतरल्यावर पुन्हा तिथेच फुल केली, आणि हेच आणखी दोनदा केलं. आमच्या हातातही ॲव्हरेज बाराच्या खालीच आलं, आणि डिस्प्ले तेव्हाही तेराच्या पुढेच राहिला. मग गाडी खोलली. मागच्या बंपरवर काजळी होतीच, ऑईलच्या पट्टीवर पातळीही चढलेली होती. इंजेक्टर काढून डिझेल पंपवाल्याकडे टेस्ट बेंचवर लावले तेव्हा दोन इंजेक्टर हुकुमापेक्षा बरंच जास्त डिझेल सोडत होते. संगणक हुकूम मोजत होता, इंजेक्टर उधळत होते. मधलं डिझेल कुणी विकलं नव्हतं, ते सायलेन्सरमधून आणि ऑईलमध्ये गेलं होतं. इंजेक्टर बदलले आणि त्यांचे कोड स्कॅनर लावून संगणकात भरले (हे राहून गेलं तर नवे इंजेक्टर घालूनही घोळ तसाच राहतो). मग डिस्प्ले आणि पंप यांतला फरक नेहमीच्या चार-पाच टक्क्यांवर आला. मालकाने कापलेले पैसे परत दिले, हे त्याचं चांगुलपण. ड्रायव्हर मात्र पुढे त्याच्याकडे राहिला नाही. चोर ठरवलेल्या ठिकाणी माणूस पुन्हा मनापासून काम करू शकत नाही, असं मला वाटतं.

त्या प्रकरणापासून ॲव्हरेजची तक्रार आली की मी आधी बॉनेट उघडत नाही. आधी पंपाच्या पावत्या मागतो. पावत्या नसतील तर टाकी फुल करून या म्हणतो. यात लोक कुठे चुकतात, हेही सांगायला हवं. नोझल आपोआप बंद झालं, म्हणजे ऑटो कट झाला, की थांबायचं. त्यावर आणखी अर्धा-पाऊण लिटर दाबून भरून घ्यायची सवय अनेकांना असते. एकदा दाबलं आणि एकदा नाही, की तेवढ्यानेच हिशेब बिघडतो. शिवाय वरपर्यंत भरलेलं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात उतरतं आणि तो डबा निकामी होतो. तो बदलायला आलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. गाडी पंपाच्या उतारावर तिरकी उभी असेल तरी कट लवकर किंवा उशिरा पडतो. म्हणून पंप तोच, नोझल तेच, गाडी उभी करायची जागाही तीच. आणि एका टाकीवर निकाल द्यायचा नाही. सलग तीन-चार वेळा फुल करायचं, सगळे लिटर एकत्र मिळवायचे, सगळे किलोमीटर एकत्र मिळवायचे आणि शेवटी एकदाच भागायचं. दहा लिटरच्या भरण्यात अर्ध्या लिटरची चूक झाली तर ती पाच टक्के होते. शंभर लिटरच्या बेरजेत तीच चूक अर्धा टक्का उरते.

पंपावरच घोळ असेल तर, असं पुष्कळ जण विचारतात. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवणं बंधनकारक आहे आणि कुणीही गिऱ्हाईक त्यात तेल मोजून मागू शकतो. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटर, म्हणजे अर्धा टक्का इतकीच चूक चालते. मागायला लाजू नका, तुमचा हक्क आहे. पहाटेचं थंड पेट्रोल जास्त भरतं, हा समज मात्र सोडून द्यावा. पेट्रोल तापून फुगतं हे खरं, दहा अंशाला साधारण एक टक्का. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान सकाळी आणि दुपारी जवळपास सारखंच राहतं.

किलोमीटर चुकले तर पावती काहीच करू शकत नाही, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते, कायद्याने ती १.६ पर्यंत झिजू देता येते. एवढ्याने टायरचा घेर दोन टक्क्यांच्या आसपास कमी होतो, तेवढ्याच अंतराला चाक जास्त फेरे घेतं, आणि गाडी न गेलेले किलोमीटर मोजते. जुन्या टायरवर ॲव्हरेज फुगून दिसतं ते यामुळे. उलट प्रकार हौशी पोरांच्या गाड्यांत होतो. एकाने मोठे, रुंद टायर घातले आणि आठवड्याने भांडायला आला, की सर्व्हिसिंगनंतर ॲव्हरेज पडलं. त्याला घेऊन मी पुण्याच्या दिशेने निघालो आणि दगड मोजायला लावले. रस्त्याच्या दगडांनुसार गाडी पंचवीस किलोमीटर गेली तेव्हा मीटरवर चोवीसच पडले होते. चार टक्के तिथेच गेले. उरलेलं खरंच पडलं होतं, रुंद टायर ओढायला इंजिनाला जोर लागतोच. आजकाल मोबाईलवरही अंतर पाहता येतं, पण मला दगड बरे वाटतात. सरळ, मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर धरले तर त्यांच्यावर भरवसा ठेवता येतो. एकच ध्यानात ठेवायचं, वेगाचा काटा आणि किलोमीटरची नोंद या वेगळ्या गोष्टी आहेत. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये असा नियम आहे, म्हणून कंपन्या तो थोडा पुढेच ठेवतात. काटा जास्त दाखवतो म्हणून किलोमीटरही तेवढेच जास्त पडतात, असं समजायचं कारण नाही.

घाटातल्या आकड्यांनी तर माणसं फार फसतात. सातारा ते महाबळेश्वर साधारण पंचावन्न किलोमीटर आणि चढ सुमारे सहाशे मीटरचा. जाताना ट्रिप मीटर शून्य करून निघालेला माणूस वर पोचला की दहा दिसतं. उतरताना पुन्हा शून्य केलं तर खाली तीस. मग तो दहा आणि तीसचं मधलं काढून म्हणतो, गाडीने वीस दिलं. प्रत्यक्षात चढाला साडेपाच लिटर लागले, उताराला दोनपेक्षा थोडे कमी, एकशेदहा किलोमीटरला मिळून सव्वासात लिटरच्या थोडं वर. ॲव्हरेज आलं पंधरा. वीस आणि पंधरा यांतल्या फरकासाठी लोक इंजिन खोलायला तयार होतात, म्हणून हे इतकं फोडून सांगितलं.

उतारावर तत्क्षणीचं ॲव्हरेज ९९.९ वर जातं, ते मात्र बहुतेक वेळा खरंच असतं. गाडी गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला, अशा वेळी संगणक इंजेक्टर पूर्ण बंद ठेवतो. चाकंच इंजिन फिरवत असतात, पेट्रोल जातच नाही. न्यूट्रल केलं की उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल सोडावं लागतं. खंबाटकीच्या उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवल्याचं जे सांगतात, ते पेट्रोलही वाचवत नाहीत आणि इंजिनाचा रोधही घालवून बसतात. सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापून निकामी झालेल्या गाड्या उचलून माझ्याकडे आल्या आहेत. त्यांतल्या एकीतली माणसं वाचली नाहीत. यावर मला कुणाशी चर्चा करायची नाही. उतारावर गाडी गिअरमध्येच हवी.

२०२३ नंतर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि माझ्याकडच्या तक्रारी वाढल्या. पहिला संशय मेकॅनिकवर येतो. प्लग बदलले का, फिल्टर साफ केला का. कारण सरळ आहे. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलेलं आहे, की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज वीस टक्के मिश्रणावर सहा-सात टक्क्यांनी कमी होईल. इथे डिस्प्ले कामाला येतो. धुरात उरलेला ऑक्सिजन जास्त दिसला की संगणक इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवतो आणि तो वाढीव वेळ हिशेबात धरतो. म्हणून ही घट डिस्प्लेवरही उतरते आणि पावतीवरही. दोन्ही आकडे सारखेच पडले, तर मी त्या माणसाचे पैसे घेत नाही. गाडीत बिघाड नाही हे त्याला कागदावर मांडून दाखवतो.

बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटवर मात्र डिस्प्ले निरर्थक होतो. मूळ संगणकाला वाटतं आपण पेट्रोलच सोडतोय. त्याचा हुकूम किटचा संगणक मधेच घेतो आणि गॅसचे इंजेक्टर उघडतो. डिस्प्ले बिचारा न गेलेल्या पेट्रोलचं ॲव्हरेज सांगत बसतो. तिथे किलोची पावती हाच पुरावा. बीएस-६ डिझेलवाल्यांनाही एक सांगतो. सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर ठरावीक काळाने स्वतःला जाळून साफ करतो आणि त्यासाठी जास्तीचं डिझेल लागतं. त्या वेळात आकडा एकाएकी घसरला तर घाबरू नका आणि गाडी मधेच बंद करू नका. सारखी शाळा आणि बाजार एवढीच धाव असेल तर ही सफाई पूर्ण होत नाही, तेव्हा अधूनमधून हायवेला काढा.

आकडा पूर्ण खरा नसला तरी तो स्वतःशी प्रामाणिक असतो. जी गाडी पाच टक्के जास्त सांगते ती सहसा पुढेही पाच टक्केच जास्त सांगते. त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला तो निरुपयोगी आणि त्याच गाडीची कालशी तुलना करायला उत्तम. एक शिक्षिका बाई रोज त्याच रस्त्याने शाळेत जातात आणि दर महिन्याचा आकडा वहीत लिहितात. एकदा त्यांनी वही आणून दाखवली, आकडा थोडा-थोडा खाली येत होता. पुढचा ब्रेक कॅलिपर जाम होऊन पॅड डिस्कला घासत होता. आणखी थोडे दिवस गेले असते तर डिस्कही गेली असती. दुसऱ्या एका गाडीत थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता, इंजिन कधी पूर्ण तापायचंच नाही आणि पेट्रोल जास्त जायचं. काट्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. घसरता आकडा पाहूनच ते सापडलं.

कंपनी जाहिरातीत जो आकडा छापते, तो यापेक्षा आणखी निराळा. पुण्याला वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, १९६६ पासूनची. तिच्या नावानेच तो आकडा ओळखला जातो. गाडी रोलरवर चढवतात, एसी बंद, १,१८० सेकंदांचं ठरलेलं वेळापत्रक, वेग जास्तीत जास्त ९०. पेट्रोल किती गेलं ते धुरातल्या कार्बनवरून काढतात. मोजणी काटेकोर असते यात शंका नाही. पण त्यात पोवई नाक्यावरची गर्दी नसते, यवतेश्वरचा घाट नसतो आणि एप्रिलमधला एसी नसतो. दोन गाड्या शेजारी ठेवून निवडायला तो आकडा घ्यावा, महिन्याच्या खर्चाचा अंदाज बांधायला घेऊ नये.

युरोपात २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या पेट्रोल-डिझेल कारला, आयुष्यभरात किती इंधन जाळलं याची नोंद आपल्या संगणकात ठेवावी लागते, आणि ती नोंद पाच टक्क्यांच्या आत अचूक असावी लागते. त्या नोंदी गोळा करून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये सांगितलं, की रस्त्यावरचा खर्च कागदावरच्यापेक्षा सुमारे वीस टक्के जास्त आहे. आपल्याकडेही अचूकतेचा असा नियम हवा, आणि ती नोंद ग्राहकाला सहज वाचता यायला हवी. काही परदेशी कंपन्यांच्या गाड्यांत स्कॅनर लावून डिस्प्लेचा आकडा काही टक्के वर-खाली जुळवता येतो. ही सोय सगळ्यांनाच देणं फार अवघड नसावं.

तोवर ज्यांच्याकडे पगारी ड्रायव्हर आहेत त्यांना माझी विनंती आहे. डिस्प्लेच्या फोटोवरून कुणाचा पगार कापू नका. सलग चार वेळा टाकी फुल करा, त्यांतली निदान एक टाकी स्वतः गाडी चालवून संपवा, किलोमीटर दगडांशी ताडून पाहा, इंजेक्टर तपासून घ्या. एवढं करूनही लिटर कमी पडले, तरच ड्रायव्हरला समोर बसवून विचारा.